डिकेनशीडच्या पंचांनी काय केले? : मराठी मंडळ्यांच्या पंचांना खुले पत्र

आदरणीय पंच बंधुभगिनींनो, पास्टरेट कमिटीच्या सभासदांनो आणि पाळकसाहेबांनो,

ख्रिस्तामध्ये सप्रेम सलाम.

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये मोठ्या मुलांचा वर्ग मी गेली एकोणीस वर्षे घेते आहे. दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या रविवारी मी या मुलांना डिकेनशीड या खेड्यातल्या पाउल श्नायडर नावाच्या जर्मन पाळकांची गोष्ट सांगते. १८ जुलै १९३९ रोजी, वयाची बेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला सहा आठवडे उरले असताना, बुखेनवाल्डच्या छळछावणीत त्यांना ठार मारण्यात आले. गोष्ट सांगण्याची माझी पद्धत ठरून गेलेली होती: शूर पाळक, दुष्ट सरकार, तुरुंग, मरण आणि शेवटी प्रार्थना. मागच्या वर्षी प्रार्थनेसाठी डोळे मिटायला सांगितल्यावर आठवीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "बाई, मग त्यांच्या मंडळीचे पंच तेव्हा काय करत होते?"

पंच म्हणजे पाळकांच्या जोडीने मंडळीचा कारभार पाहणारी माणसे. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. इतकी वर्षे सांगत आलेल्या गोष्टीत मंडळीच नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. त्यानंतर वर्षभर जमेल तसे वाचन करून जे हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवावे आणि त्यावरून दोन विनंत्या कराव्यात, यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र खुले ठेवण्याचे कारण इतकेच की बंद पाकिटातली पत्रे आपल्या सभांमध्ये "पुढील सभेत विचारार्थ" होऊन जातात, आणि हे मी अशा सभांना स्वतः बसलेली असल्यामुळे सांगू शकते.

श्नायडर यांचा जन्म २९ ऑगस्ट १८९७ चा. वडील ऱ्हाइन प्रांतातल्या खेड्यात पाळक होते, त्यामुळे घरात बायबल, गाणी आणि शेतकऱ्यांची ये-जा. पहिल्या महायुद्धात ते लढले आणि त्यांना आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळाले. पुढे धर्मशास्त्र शिकले. पण शिकून लगेच वेदीपुढे उभे राहिले नाहीत. कामगारांचे जगणे कळल्याखेरीज त्यांना उपदेश कोणत्या तोंडाने करायचा, असे वाटल्यामुळे त्यांनी काही महिने रूहर भागातल्या पोलादाच्या भट्टीवर मजुरी केली आणि नंतर बर्लिनमध्ये दारूच्या आहारी गेलेल्या, बेघर झालेल्या माणसांमध्ये शहर मिशनचे काम केले. १९२६ मध्ये त्यांचे मार्गारेटे यांच्याशी लग्न झाले. त्याही पाळकाचीच मुलगी. त्याच वर्षी वडिलांच्या जागी होखेलहाइम या गावी त्यांची नेमणूक झाली. पुढे या दांपत्याला सहा मुले झाली.

त्यांच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपल्याकडे हुतात्म्यांचे फोटो भिंतीवर लागले की त्यांच्या चुका फ्रेमच्या आत जात नाहीत. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा श्नायडर यांनाही सुरुवातीला आशा वाटली होती. देश सावरेल, लोक पुन्हा देवाकडे वळतील, असे त्या काळी पुष्कळ भल्या पाळकांना वाटत होते, आणि सत्ताधाऱ्यांच्या सुरात सूर मिसळणाऱ्या 'जर्मन ख्रिस्ती' नावाच्या गटात तेही थोडे दिवस गेले होते. मात्र डोळे उघडल्यावर ते बाहेर पडले आणि परत मागे गेले नाहीत. नाझी पुढाऱ्यांच्या जाहीर वक्तव्यांवर त्यांनी उघडपणे टीका केली, तशी पक्षाकडून तक्रार गेली आणि वरिष्ठ चर्च कार्यालयाने त्यांची होखेलहाइमहून बदली केली. बदली करणारे पक्षाचे लोक नव्हते, चर्चचे अधिकारी होते. गाऱ्हाणे बाहेरून आले आणि सही आतून झाली. १९३४ च्या वसंतात ते हुन्सरूकच्या पठारावरल्या डिकेनशीड आणि वोम्राथ या दोन छोट्या गावांचे पाळक झाले. शेते, गुरे, थंडी, आणि प्रत्येकाचे प्रत्येकाशी नाते, अशी ती गावे. आपल्यापैकी खेड्यांतल्या मंडळ्या सांभाळणाऱ्यांना याहून जास्त वर्णनाची गरज पडू नये.

तिथे जाऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. जून १९३४ मध्ये शेजारच्या गेम्युन्डेन गावी हिटलर युथ या नाझी युवक संघटनेतला एक मुलगा वारला आणि दफनविधी श्नायडर यांच्याकडे आला. कबरीपाशी पक्षाचा जिल्हाप्रमुख बोलायला उभा राहिला आणि म्हणाला की हा मुलगा आता स्वर्गातल्या होर्स्ट वेसेलच्या तुकडीत दाखल झाला आहे. होर्स्ट वेसेल हा नाझींचा मारला गेलेला कार्यकर्ता. त्याच्या नावाचे गीत तेव्हा राष्ट्रगीताच्या जोडीने म्हटले जाई. श्नायडर यांनी तिथल्या तिथे, शांतपणे सांगितले की अशी एखादी तुकडी सार्वकालिक जीवनात आहे की नाही हे मला ठाऊक नाही, पण देव तुझे जाणे आणि तुझे तिथले येणे आशीर्वादित करो. जिल्हाप्रमुखाने आपले वाक्य पुन्हा म्हटले. श्नायडर यांनीही आपला आक्षेप पुन्हा नोंदवला, की हा मंडळीचा विधी आहे आणि इथे काय शिकवले जाते त्याची जबाबदारी माझ्यावर आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली. तो पहिला तुरुंगवास आठवड्याभराचा होता.

या प्रसंगावर मी थोडी रेंगाळते, त्याला कारण आहे. आमच्या दफनभूमीत काही वर्षांपूर्वी एका तरुणाचे दफन होते. पाळकांचा विधी चालू असताना गावातले एक पुढारी चार गाड्या घेऊन आले, कोणीतरी त्यांच्या हाती माइक दिला, आणि पेटी कबरीच्या काठावर दोरांवर तोलून धरलेली असताना ते वीस मिनिटे बोलले. मयताविषयी दोन वाक्ये आणि बाकी सगळे येणाऱ्या निवडणुकीविषयी. दोर धरलेल्या पोरांचे हात थरथरत होते. शेवटी आमचे पाळक पुढे झाले, "साहेब, आता प्रार्थना करू" एवढेच म्हणाले आणि त्यांनी प्रार्थना सुरू केली. त्या महिन्याच्या कमिटीच्या सभेत पहिला विषय होता "पाळकांच्या वर्तनाबाबत". पाच महिन्यांत त्यांची बदली झाली. मी त्या कमिटीत होते. गाव, पाळक, पुढारी, कोणाचेही नाव मी इथे लिहीत नाही, कारण नावे लिहिली की आपल्याकडे चर्चा नावांचीच होते.

पुन्हा डिकेनशीडकडे येते. त्याच १९३४ च्या मेअखेर बारमेन शहरात जमलेल्या सभेने जाहीर केले होते की मंडळीने येशू ख्रिस्ताखेरीज अन्य कोणत्याही सत्तेला देवाचे प्रकटीकरण मानू नये. या घोषणेभोवती जी 'कबुली देणारी मंडळी' उभी राहिली, तिच्या बाजूने श्नायडर होते. १९३५ च्या मार्चमध्ये वंश आणि रक्त यांना देव मानणाऱ्या नव्या मूर्तिपूजेविरुद्धचे या मंडळीचे निवेदन व्यासपीठावरून वाचू नका, असा हुकूम निघाला. हुकूम न मानणारे शेकडो पाळक काही दिवसांसाठी गजाआड गेले आणि त्यांत हेही होते. १९३६ च्या मार्चमधल्या निवडणुकीत मतपत्रिकेवर 'नाही' म्हणायला जागाच नव्हती, म्हणून नवरा-बायको दोघेही मतदानाला गेले नाहीत. त्यावर रात्री कोणीतरी पाळकांच्या घराच्या भिंतीवर, यांनी मत दिले नाही, लोकहो तुमचे काय म्हणणे, अशा अर्थाची अक्षरे रंगवली. मंडळीच्या माणसांनी ती भिंत घासून पुसून काढली. त्या आठवीतल्या मुलीला द्यायच्या उत्तराचा पहिला तुकडा मला इथे सापडला. बादल्या आणि फडकी घेऊन पाळकाच्या भिंतीशी उभे राहणे हे कोणत्याही घटनेत लिहिलेले पंचांचे कर्तव्य नाही, पण ती भिंत गावाच्या रस्त्यावर होती आणि कोण घासते आहे हे सगळ्यांना दिसत होते.

दुसरा तुकडा अवघड आहे आणि तो आपल्याला फारसा आवडणार नाही. वोम्राथमधल्या काही सभासदांनी आपली मुले श्नायडर यांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातून काढून सरकारधार्जिण्या पाळकाकडे पाठवली. गावचे नाझी शिक्षक त्यामागे होते. श्नायडर आणि पंच यांनी या लोकांविरुद्ध मंडळीच्या शिस्तीची कारवाई सुरू केली. आपल्या जुन्या मिशन मंडळ्यांमध्ये माणसाला प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याची जी रीत होती, तिच्याच घराण्यातली ही गोष्ट. श्नायडर हट्टी होते, असे मला वाटते. काही वेळा त्यांनी थोडे थांबायला हवे होते, एखाद्या शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून चहा घ्यायला हवा होता, असेही वाटते. पण त्यांच्या काळात ओसरीवर कोण बसले होते आणि तिथून काय कुठे कळवले जात होते, याचा विचार केला की माझा हा सल्ला मलाच फार सोपा वाटू लागतो. या कारवाईमुळे ३१ मे १९३७ रोजी त्यांना पुन्हा अटक झाली आणि जुलैअखेरपर्यंत कोब्लेन्झच्या गेस्टापो, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, तुरुंगात ठेवले गेले. सुटका झाली ती हद्दपारीच्या हुकुमासह: ऱ्हाइन प्रांतात पाऊल टाकायचे नाही. पोलिसांनी त्यांना गाडीत घालून वीसबाडेनला सोडले. त्यांनी परतीची गाडी पकडली आणि रविवारी आपल्याच व्यासपीठावरून उपदेश केला.

मग मात्र मित्रांनी समजूत घातली, आणि दोन महिने ते पत्नीसह प्रांताबाहेर राहिले. त्या दोन महिन्यांत सगळे निवळू शकले असते. बाहेरच्या एखाद्या मंडळीत नेमणूक, सहा मुलांना बाप, मार्गारेटे यांना नवरा. अडवणारे कोणीही नव्हते. इथे पंच येतात. डिकेनशीड आणि वोम्राथ या दोन्ही गावांच्या पंचांनी आपल्या पाळकाला परत येण्याची विनंती केली.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवले. एकीकडे वाटले की मुलीला आता उत्तर देता येईल, आणि दुसरीकडे मनात आले की त्या विनंतीने एका माणसाचा जीव घेतला. शेतकरी माणसे ती. हद्दपार माणूस परत आला तर काय होईल हे त्यांना कळत नव्हते असे म्हणवत नाही, आणि बोलावले नसते तर ते आले नसते असेही म्हणवत नाही, कारण श्नायडर यांचे स्वतःचे म्हणणे होते की मला बोलावणे मंडळीने केले आहे आणि त्यातून मोकळे करण्याचा अधिकार पोलिसांना नाही. तरीही पंचांपुढे सोयीचा रस्ता होता. "पाळकसाहेब, आपल्या प्रकृतीची काळजी घ्या, आम्ही प्रार्थना करतो आहोत" असे पत्र पाठवून दुसऱ्या पाळकाची मागणी नोंदवता आली असती. असे पत्र कसे लिहितात हे मला चांगले ठाऊक आहे. आमच्या कमिटीच्या वतीने तसे एक मीच सुवाच्य अक्षरात लिहिले होते. डिकेनशीडच्या पंचांनी तसे केले नाही. त्यांनी धोका पाळकाच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवला नाही, आपल्या नावांसह तो वाटून घेतला, आणि वाटणीत मोठा वाटा पाळकाकडे जाणार हे जाणूनही घेतला. हे बरोबर होते की चूक, याचा निवाडा माझ्याच्याने होत नाही.

श्नायडर यांनी बर्लिनला सरकारकडे पत्र लिहून आपण हद्दपारी का मानू शकत नाही ते कळवले, आणि ३ ऑक्टोबर १९३७ रोजी, सुगीच्या उपकारस्तुतीच्या रविवारी, ते डिकेनशीडच्या व्यासपीठावर उभे राहिले. वचन होते स्तोत्र १४५ मधले, सर्व प्राण्यांचे डोळे देवाकडे लागलेले असतात आणि तो त्यांना वेळेवर अन्न देतो, असे सांगणारे. त्या दिवशी आपल्याकडे वेदीपुढे कणसे, भोपळे, तांदळाची पोती मांडतात तसेच काही तिथेही मांडलेले असणार. संध्याकाळी ते वोम्राथच्या उपासनेला निघाले. वाटेतच पोलिसांनी गाडी अडवली. वोम्राथची मंडळी त्या संध्याकाळी पाळकाविना बसून राहिली.

२७ नोव्हेंबर १९३७ रोजी त्यांना वायमारजवळच्या बुखेनवाल्ड छावणीत आणले गेले. कैदी क्रमांक २४९१. हद्दपारी मान्य आहे अशा कागदावर सही केली असती तर सुटका होती, आणि हा पर्याय शेवटपर्यंत खुला होता. २० एप्रिल १९३८ रोजी हिटलरच्या वाढदिवशी सगळ्या कैद्यांना झेंड्यापुढे टोप्या काढण्याचा हुकूम झाला तेव्हा त्यांनी टोपी काढली नाही. पंचवीस फटके मारून त्यांना एकांत कोठडीत टाकण्यात आले आणि तिथून ते जवळजवळ पंधरा महिन्यांनी, मरणापूर्वी, बाहेर आले. कोठडीचा पहारेकरी मार्टिन झोमर हा छावणीतल्या क्रूर माणसांतही क्रूर म्हणून ओळखला जाई. १९५८ मध्ये त्याला बायरॉइटच्या न्यायालयाने जन्मठेप दिली.

त्या कोठडीची खिडकी हजेरीच्या मैदानाकडे होती. हजारो कैदी रांगांमध्ये उभे असताना श्नायडर गजांना धरून स्वतःला वर ओढत आणि ओरडून बोलत. एका पुनरुत्थानाच्या सणाला त्यांनी "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे प्रभूचे वचन उच्चारले. दुसऱ्या वेळी पळून पकडल्या गेलेल्या कैद्यांच्या खुनाचा आरोप त्यांनी छावणीच्या अधिकाऱ्यांवर सर्वांच्या कानी पडेल असा केला. दोन-तीन वाक्ये होतात न होतात तोच दार उघडे आणि मार सुरू होई. बाहेर उभ्या असलेल्यांना तोही ऐकू येई. हे सांगणारे साक्षीदार त्या रांगांमधून जिवंत बाहेर आले, आणि त्यांत कम्युनिस्ट होते, ज्यू होते, कोणत्याही देवळाची पायरी न चढणारे होते. आपण जिला उपासना म्हणतो तिला बाजाची पेटी, गायनमंडळ आणि माइक लागतो. तिथे गायनमंडळ नव्हते आणि "आमेन" म्हणणाऱ्याला फटके होते, तरी लोक ती वाक्ये वर्षानुवर्षे लक्षात ठेवून होते.

१८ जुलै १९३९ रोजी छावणीच्या दवाखान्यात स्ट्रोफॅन्थिन या हृदयाच्या औषधाचा जास्तीचा डोस टोचून त्यांना मारण्यात आले. कागदावर कारण हृदयविकार असे लिहिले. मार्गारेटे यांना तार गेली. त्या वायमारला पोहोचल्या तेव्हा देह सजवून ठेवलेला होता, आणि पेटी मोहोरबंद करूनच ताब्यात दिली गेली. ती उघडण्याची परवानगी नव्हती. २१ जुलैला डिकेनशीडमध्ये दफन झाले. गेस्टापोचे लोक नजर ठेवून होते, तरी शंभराहून अधिक पाळक आपापल्या झग्यांमध्ये त्या खेड्यात आले आणि सगळी मंडळी आली. त्यानंतर सहाच आठवड्यांत महायुद्ध सुरू झाले. मार्गारेटे यांनी सहाही मुले वाढवली, १९५३ मध्ये नवऱ्याच्या आयुष्यावर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि २००२ मध्ये वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी त्या प्रभूकडे गेल्या.

हिटलरला विरोध करणारे आणखी दोन जर्मन पाळक आपल्याला माहीत असतात. आपल्या उपदेशांमध्ये निमोलर यांच्या ओळी येतात, त्या व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतात. बोनहोफर यांचे नाव आपल्या पाळकांना सेमिनरीत शिकवले जाते. श्नायडर मागे राहिले, कारण ते मोठ्या शहरातले नव्हते आणि त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले नाहीत. ते खेड्यातले पाळक होते, आपल्या बहुतेक पाळकांसारखे. म्हणून माझी पहिली विनंती अशी की १८ जुलैच्या जवळच्या रविवारी आपल्या मंडळ्यांमध्ये त्यांचे चरित्र वाचले जावे, आणि ते वाचणारा पाळक नसावा, पंच असावा. वाचताना होखेलहाइमची बदली, घासलेली भिंत आणि पंचांची ती विनंती हे भाग गाळू नयेत, मग वेळ कमी पडला तर बाकीचे गाळावे लागले तरी चालेल.

दुसरी विनंती रूक्ष आहे. व्यासपीठावरून किंवा कबरीपाशी बोललेल्या शब्दांबद्दल बाहेरच्या कोणाची तक्रार आली, तर पाळकांना समोर बसवून त्यांचे म्हणणे ऐकल्याखेरीज त्यांच्या बदलीची शिफारस कोणत्याही कमिटीने करू नये, आणि अशा ठरावावर कोण काय बोलले व कोणाचे मत कुठे पडले हे इतिवृत्तात नावासह लिहिले जावे. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. चिटणिसाच्या वहीत चार ओळी जास्त लागतात.

आमच्या त्या सभेचे इतिवृत्त मी मागच्या महिन्यात पुन्हा काढून पाहिले. ठरावापुढे "सर्वानुमते मंजूर" असे लिहिलेले आहे. त्या सभेत एकाने विरोध केला होता, दोघे उठून गेले होते आणि मी मान खाली घालून बसले होते. वर्गातल्या त्या मुलीचे घर पाळकांच्या घराला लागून आहे. सामानाचा टेम्पो भरला जात असताना ती ओट्यावर उभी होती, हे मला आता आठवते. इतिवृत्तातला "सर्वानुमते" हा शब्द खोडून त्या जागी जे घडले ते लिहावे, आणि त्यात माझ्या नावापुढे "गप्प राहिल्या" असे नमूद करावे, असा अर्ज मी आमच्या कमिटीच्या चिटणिसांकडे या पत्राच्या प्रतीसोबत दिला आहे.

आपली,
मंडळीची एक सभासद आणि माजी पंच